सहा महिन्यांचे बिऱ्हाड, ट्रॉलीतला एक कोपरा

हिंगोली : दिवाळी सरत आली की शहरांतील अनेक घरांत प्रवासाच्या याद्या तयार होऊ लागतात. परदेशी असलेल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आई-वडील वजनकाट्यावर बॅगा ठेवून पाहतात. एका बॅगेत 23 किलोच बसणार, मग लोणच्याची बरणी न्यायची की गोधडी, यावर घरात खल होतो. याच दिवसांत हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरही नवरा-बायको सामान बांधत असतात. त्यांचाही मुक्काम पाच-सहा महिन्यांचाच असतो. त्यांना पारपत्र लागत नाही. पण चार-पाचशे किलोमीटरवरचा मुलूख अनोळखी असतो आणि कर्नाटकातील कारखाना नशिबी आला तर भाषाही परकी असते. ऊसतोडीला निघालेल्या या जोडप्याचे सामान नीट पाहिले, तर राज्याच्या साखर उद्योगाचा हिशोब त्यात दिसतो. जे तिकडे मिळणार नाही ते घरून न्यायचे, हा या बांधाबांधीचा एकमेव नियम आहे आणि त्यामुळेच ती यादी लांबत जाते.

जोडपे म्हणजे एक 'कोयता'

ऊसतोडीच्या व्यवहारात मजूर माणसांत मोजले जात नाहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो; एकटा आला तर तो 'अर्धा कोयता'. नवरा ऊस तोडतो, बायको तो साळून मोळ्या बांधते, दोघे मिळून त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेतात. काम दोघांचे एकत्र असल्याने उचल, मजुरी आणि नोंद हीसुद्धा जोडीनेच होते. बाईच्या नावावर वेगळा पैसा सहसा निघत नाही. लग्न झालेल्या मुलाचा नवा कोयता होतो, या हिशोबाने मराठवाड्याच्या अनेक भागांत मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याचा दबाव वाढतो, असे या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते अनेक वर्षे सांगत आले आहेत.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. वसमतच्या पट्ट्यात कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, हळद आहे आणि पूर्णा सहकारी साखर कारखानाही आहे. उरलेल्या भागातील माळरानाची शेती मात्र बहुतांशी पावसावर चालते. सोयाबीन ऑक्टोबरात निघते. विहिरीला पाणी नसेल तर रब्बीचा पेरा होत नाही आणि गावात मजुरीही उरत नाही. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील कारखान्यांची धुराडी पेटण्याच्या बेतात असतात. शेतीचे रिकामे दिवस आणि गाळपाचा हंगाम असे एकमेकांत बसल्याने स्थलांतराची ही वाट पडली आहे.

सामानाआधी उचल

या प्रवासाची तयारी खरे तर सामान बांधण्याच्या कित्येक महिने आधी सुरू होते. पावसाळ्यात मुकादम गावात येतो आणि आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. कारखाना किंवा वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळी जमवतो आणि प्रत्येक कोयत्याला 50 हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत उचल मिळते. ही रक्कम बहुधा घरात थांबत नाही. दवाखान्याचे बिल, बियाणे-खताची उधारी, मुलीचे लग्न, घराची भिंत यांत ती जाते. उरलेल्यातून निघतानाचा किराणा आणि ताडपत्री येते.

उचल कशी फिटते, याचे गणित सोपे आहे. जानेवारी 2024 मध्ये साखर कारखान्यांच्या संघाशी झालेल्या वाटाघाटीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे 366 रुपये असा दर आला. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. एक लाखाची उचल फेडायची तर सुमारे 273 टन तोड व्हावी लागते. रोज दोन टन धरले तरी त्याला 137 दिवस लागतात; दीड टन धरले तर 182. 2024-25 चा हंगाम मात्र राज्यातील अनेक कारखान्यांत 100 दिवसही चालला नाही. ऊस कमी, कारखान्यांची गाळपक्षमता वाढलेली आणि तोडणी यंत्रांची भर, यांमुळे दिवस आटले. फिटली नाही ती रक्कम 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षावर जाते आणि बाकी असलेल्या जोडप्याला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. आजारपणामुळे दिवस बुडाला तर त्याचा 'खाडा' लागतो आणि अनेक ठिकाणी तो दंड म्हणून हिशोबात धरला जातो.

वाहन कोणते, त्यावर बिऱ्हाड

किती सामान न्यायचे, हे मजूर कोणत्या प्रकारच्या तोडीवर जाणार यावर ठरते. बैलगाडीवाल्यांची गोष्ट निराळी. ते साधारणपणे कारखान्याच्या आसपासच्या तळावर मुक्काम करतात आणि जवळच्या शेतांतील ऊस वाहतात. एके ठिकाणी राहायचे असल्याने त्यांचे बिऱ्हाड थोडे मोठे असते. बैलांचा कडबा, पेंड, दावी, झुली यांचीही त्यात भर पडते. हंगाम सुरू झाला की उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे बैलांना मिळते आणि उरलेले विकून रोजचा चहा-मिरचीचा खर्च निघतो.

ट्रक किंवा ट्रॅक्टरवरच्या टोळीचे तसे नाही. गावोगावच्या शिवारांत ऊस जसा तोडीला येईल तशी ही टोळी पुढे सरकते. काही दिवसांनी पाल मोडायचे, सामान ट्रॉलीत टाकायचे आणि नव्या शिवारात पुन्हा उभे करायचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्यांना शब्दशः लागू पडते. अशा टोळीत आठ-दहा कोयते असतात. निघताना त्या सर्वांचे सामान, मुले, क्वचित शेळी आणि कोंबड्या दोन ट्रॉल्यांत मावाव्या लागतात. एका संसाराच्या वाट्याला ट्रॉलीचा जेमतेम एक कोपरा येतो आणि सामान लागल्यावर त्याच्याच माथ्यावर माणसे बसतात. माल वाहण्याच्या वाहनातून रात्रभर चालणारा हा प्रवास धोक्याचा असतो आणि या हंगामात अपघातांच्या बातम्या दरवर्षी येतात.

धान्य : पीठ नव्हे, दाणे

पोत्यांत पहिला मान ज्वारीचा. अंगमेहनत करणाऱ्या दोन माणसांना दिवसाला किलोभर पीठ सहज लागते. म्हणजे महिन्याला 30 किलो आणि सहा महिन्यांचे पावणेदोन क्विंटलच्या पुढे. एवढे धान्य एका फेरीत नेता येत नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांची ज्वारी, घरची तूर डाळ, कांडलेले तिखट, मीठ, हळद आणि तेलाचा डबा एवढे घेऊन निघण्याची पद्धत आहे. दळण मात्र आठवड्या-दोन आठवड्यांचेच नेतात. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडसर होते, दाणे टिकतात. तिकडच्या गावात गिरणी सापडली की दळून आणायचे.

त्यापुढचे महिने स्वस्त धान्य दुकानाने भागवावेत, अशी कागदोपत्री सोय आहे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे आधारशी जोडलेल्या शिधापत्रिकेवर देशात कोठेही धान्य उचलता येते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या घराला 20 किलो, म्हणजे महिन्याच्या गरजेचा मोठा भाग. धान्याचा काही भाग गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि उरलेला बाहेरगावी असलेल्यांनी उचलावा, अशीही तरतूद आहे. अडचण वेगळीच असते. दुकान उघडते तेव्हा मजूर फडात असतो. टोळी हलली की दुकानही बदलते. कोयता आणि पाचटाने हाताची साले निघालेली असली की यंत्रावर बोटाचा ठसा उमटत नाही. एका दिवसाचा खाडा लागण्यापेक्षा बाजारातून पीठ विकत घेतलेले परवडते, असा हिशोब मग केला जातो.

चूल तिकडे तीन दगडांवर मांडतात. त्यामुळे सामानात तवा, काठवट किंवा परात, दोन पातेली, ताटे, हंडा, कळशी आणि पाण्यासाठी प्लॅस्टिकचा ड्रम एवढेच असते. उज्ज्वला योजनेतून 2016 नंतर अनेक घरांत गॅस आला; पण 14.2 किलोचे सिलिंडर ट्रॉलीत नेणे आणि परमुलखात ते भरून मिळवणे दोन्ही अवघड. जळणाला पाचट भरपूर असते, परंतु ते कागदासारखे भुरकन जळते. पाल आणि चूल यांत हातभराचेच अंतर असल्याने आगीचे भय सतत असते.

घर गुंडाळून न्यायचे

शहरी प्रवाशाला राहण्याची जागा आधी ठरवता येते. ऊसतोड मजूर घरच बरोबर नेतो. पूर्वी बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवून 'कोपी' उभी करत. काही कारखाने बांबू आणि चटया देत. आता बहुतेक तळांवर प्लॅस्टिकची ताडपत्रीच दिसते. बांबू-काठ्या, ताडपत्री, बांधायला सुतळी आणि जमिनीवर अंथरायला पोती असे हे घर असते. कोपीची उंची माणसाला ताठ उभे राहता येईल एवढीही नसते. दार नसल्याने कुलूपही नसते. म्हणून पैसे, दागिना आणि कागदपत्रे पत्र्याच्या छोट्या पेटीत ठेवतात आणि पेटी डोक्याखाली येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ओल्या शिवारात झोपायचे म्हटल्यावर गोधड्या आणि वाकळा वगळता येत नाहीत. जागेच्या दृष्टीने धान्यानंतर सर्वांत मोठे गाठोडे त्यांचेच.

कंदिलाची जागा आता बॅटरीवरच्या किंवा सौर दिव्याने घेतली आहे. तळावर वीज असेलच असे नाही. मोबाइल चार्ज करण्यासाठी गावातील दुकान किंवा ट्रॅक्टरची बॅटरी शोधावी लागते. तरीही मोबाइल लागतोच. वाहन रात्री किती वाजता येणार हे त्यावर कळते आणि गावी ठेवलेल्या मुलाचा आवाजही त्यावरच ऐकू येतो.

कोयता, कानस आणि जुना सदरा

अवजारांचे गाठोडे लहान, पण त्यात हयगय चालत नाही. प्रत्येकी एक-दोन कोयते, त्यांना धार लावण्यासाठी कानस, डोक्यावर मोळी ठेवायला चुंबळ. धार गेली की तोडीचा वेग पडतो आणि दिवसाचा टनही. म्हणून रोज पहाटे आणि दुपारी कानस फिरवावी लागते.

कपड्यांत नवे काहीच नसते. उसाच्या पात्याच्या कडा करवतीसारख्या असतात. त्या हाता-मानेला कापतात आणि त्या जखमांत घाम झोंबतो. यासाठी बायका लुगड्यावर पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, डोक्याला फडके गुंडाळतात, हातांत जुने मोजे चढवतात. एरवी टाकून देण्याजोगे कपडे वर्षभर जपून ठेवले जातात ते यासाठी. त्यांबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटे आणि मलमाची बाटली असते. फडाजवळ दवाखाना नसतो आणि असला तरी तिकडे जाण्याने दिवस बुडतो.

बायकांच्या गाठोड्यात पाळीसाठी जुन्या कापडाच्या घड्या असतात. तळावर न्हाणीघर नसते, स्वच्छतागृह नसते, पाणी मोजके. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि अंधार पडल्यावर पुन्हा चूल, असा क्रम असतो. याचे परिणाम किती खोल जातात ते 2019 मध्ये मराठवाड्यातच दिसून आले. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82 हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. पाळी, दुखणे आणि खाडा यांतून सुटका म्हणून अनेकींना हा उपाय सांगितला गेला होता.

कागदांची पिशवी

अलीकडच्या वर्षांत या सामानात एका पिशवीची भर पडली आहे. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, गर्भवती किंवा लहान मूल असल्यास माता-बाल संरक्षण कार्ड आणि ग्रामसेवकाकडून मिळालेले ऊसतोड कामगार ओळखपत्र हे कागद त्यात असायला हवेत.

या ओळखपत्राला महत्त्व येण्याचे कारण म्हणजे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. त्याचे कार्यालय पुण्यात 2022 मध्ये सुरू झाले. गाळलेल्या उसावर टनाला 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढीच रक्कम राज्य शासनाने द्यावी, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ऊसतोड कामगारांसाठी अपघात विम्याची योजनाही 2024 मध्ये मंजूर झाली. मात्र ओळखपत्र आणि नोंद नसलेल्या मजुराला अशा योजनांचा दावा करणे कठीण जाते. मजुराचे नाव मुकादमाच्या वहीत असते. कारखान्याच्या हजेरीपटावर ते बहुधा नसते. अपघात झाल्यावर जबाबदारी कोणाची, हा वाद तेथूनच सुरू होतो.

अंगणवाडीतील पोषण आहार आणि लसीकरण स्थलांतरात खंडित होऊ नये म्हणून महिला व बालविकास विभागाने 2022 मध्ये राज्यभर स्थलांतराचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली लागू केली. गावच्या अंगणवाडी सेविकेने जाणाऱ्या कुटुंबाची नोंद करायची आणि पोहोचलेल्या ठिकाणच्या सेविकेने ती उचलायची, अशी ही कल्पना आहे. निघण्यापूर्वी सेविकेला मुक्कामाचे गाव सांगता आले तरच ती चालते. ट्रॅक्टरवरच्या टोळीला मात्र पुढचा मुक्काम स्वतःलाच ठाऊक नसतो.

गाठोड्यात न मावणारी शाळा

सर्वांत कठीण निर्णय सामानाचा नसून मुलांचा असतो. तान्हे मूल बरोबर जाते. लुगड्याची झोळी फडाच्या कडेला झाडाला बांधली की पाळणा होतो. आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी नेली जाते. दिवाळीनंतर गेलेले मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येते, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळपास पूर्णच बुडते.

एकेकाळी कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी 'साखरशाळा' भरत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाल्यानंतर मुलांनी नियमित शाळेतच शिकावे अशी भूमिका आली आणि साखरशाळा मागे पडल्या. त्यांच्या जागी गावातच हंगामी वसतिगृहाची पद्धत आली. आई-वडील गेल्यानंतर मूल आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. हिंगोली जिल्ह्यातही अशी वसतिगृहे चालवली जातात. त्यांचा उपयोग मात्र वेळेवर अवलंबून आहे. मजूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. त्याआधी मुलांचे सर्वेक्षण आणि मंजुरी झाली नाही, तर आई-वडिलांसमोर मुलाला ट्रॉलीत बसवण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. तसे गेलेल्या मुलासाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. ते दाखवले की मुक्कामाच्या गावातील शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचे असते. कागदांच्या पिशवीत सर्वांत कमी वेळा आढळणारा कागद कदाचित हाच असेल.

घरी म्हातारी माणसे उरतात. पाच-सहा महिन्यांसाठी त्यांच्या हाती थोडे धान्य, शेळी आणि नातवंडे सोपवलेली असतात. आजारपण आले तर दवाखान्यात नेणारा हात जवळ नसतो.

परतीचे ओझे

मार्च-एप्रिलमध्ये तेच ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतात. परतीच्या सामानात धान्याची पोती रिकामी असतात, ताडपत्री फाटलेली, कोयते धारेला लावून झिजलेले. नवे असे काही असलेच तर एखादे भांडे, मुलांचे कपडे, क्वचित मोबाइल. मुकादमाच्या वहीतला हिशोब मात्र याच दिवसांत होतो : तोड किती टन, खाडे किती, उचल किती फिटली आणि बाकी किती.

तो हिशोब मजुराच्या हाती कागदावर मिळावा, मजुरी थेट दोघांच्या खात्यांवर जमा व्हावी आणि तळावर पाणी, स्वच्छतागृह व निवारा मिळावा, या ऊसतोड कामगारांच्या जुन्याच मागण्या आहेत. तळावर पाणी असेल तर ड्रम घरी राहील. वेळेवर वसतिगृह सुरू झाले तर मुलगी शाळेत राहील. रेशन संध्याकाळी मिळाले तर ज्वारीचे एक पोते कमी होईल. तोवर बाकी निघालेल्या जोडप्यांना मृगाच्या पेरणीसाठी पुन्हा पैसा लागेल, आषाढाच्या सुमारास मुकादम पुन्हा दारात येईल आणि दिवाळीला सेनगावच्या तांड्यांवर पुन्हा पोती शिवायला घेतली जातील.